वाघाच्या देहातील दोन कृमी : नामकरणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

वन्य मार्जारकुलातील प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या कृमींचा इतिहास हा विषय भाषाशास्त्राच्या अध्यापकाने हाती घ्यावा, याचे काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. प्राणिशास्त्रातील निर्णय देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही व तसा त्याचा दावाही नाही. परंतु शास्त्रीय परिभाषेचा विचार करीत असता असे आढळून आले की, या विषयाच्या इतिहासातील काही महत्त्वाचे घोटाळे नावांमुळे उत्पन्न झाले व नावे दुरुस्त झाल्यावरच ते मिटले. नाव हे वस्तूच्या अंगावर चिकटवलेली केवळ चिठ्ठी असते, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा. त्यातील दोन कृमींची कथा येथे सांगावयाची आहे. दोन्ही कृमी प्रथम ओळखले गेले ते युरोपातील प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या वाघांच्या देहात. आणि दोन्ही पुढे माणसाच्या देहात सापडले तेव्हा त्यांस निराळी नावे मिळाली.

२

आरंभी आपल्याकडील शब्दांचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. ‘कृमि’ हा शब्द अतिशय जुना आहे. फारसीतील ‘किर्म’ व लिथुआनियन भाषेतील ‘किर्मिस’ ही त्याचीच भावंडे होत. मराठीत ‘किरमिजी’ हे रंगाचे नाव रूढ आहे. ते याच घराण्यातील असून फारसी-अरबी मार्गाने फिरून आपल्याकडे परत आले आहे. तो रंग एका कीटकापासून काढीत व त्या कीटकास कृमी समजत, एवढाच त्याचा संबंध. ‘जंत’ हा शब्द मात्र संस्कृत ‘जन्तु’ या शब्दापासून आलेला. मूळ अर्थ ‘जन्मलेला, कोणताही प्राणी’. मराठीत त्याची दोन रूपे झाली : तत्सम ‘जंतू’ हा सूक्ष्म जीवांकडे गेला, तर तद्भव ‘जंत’ हा पोटातील कृमींपुरता उरला. एकाच शब्दाची दोन रूपे दोन निरनिराळ्या अर्थसंकोचांस कशी पात्र होतात, याचे विद्यार्थ्यांस देण्याजोगे हे चांगले उदाहरण आहे.

अथर्ववेदात कृमिनाशनाची सूक्ते आहेत. त्यांत दृश्य व अदृश्य अशा दोन्ही कृमींचा निर्देश असून एका सूक्तात गाईच्या शरीरातील कृमींचाही विचार आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. घोडे व हत्ती यांच्या चिकित्सेवरही संस्कृतात स्वतंत्र ग्रंथ आहेत. मनुष्य, गाय, घोडा, हत्ती हे उपयोगाचे प्राणी. त्यांच्या रोगांचा विचार होणे स्वाभाविक होते. वाघाच्या अंतर्भागाची चिकित्सा करण्याचा प्रसंग मात्र वैद्यावर येण्याचे कारण नव्हते. शिकारीस वाघाचे कातडे व डोके हवे असे. उरलेले शरीर रानात राही. अशा स्थितीत वाघाच्या जठराची व फुप्फुसांची शांतपणे तपासणी होण्यासाठी तो पिंजऱ्यात मरावा लागला, आणि पिंजऱ्याजवळ शरीरशास्त्रज्ञ असावा लागला. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्राणिसंग्रहालयांत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

३

लंडन येथील प्राणिशास्त्रीय मंडळाच्या उद्यानात महाधमनी फुटून एक तरुण वाघ मरण पावला. त्याचे शवविच्छेदन रिचर्ड ओवेन (१८०४–१८९२) यांनी केले. वाघाच्या जठराच्या भिंतीत त्यांस गाठी आढळल्या व त्या गाठींत कृमी होते. १८३६ साली त्यांनी या कृमीचे वर्णन प्रसिद्ध करून त्यासाठी ‘नॅथोस्टोमा’ ही नवी प्रजाती कल्पिली व जातीस ‘स्पिनिजेरम’ हे नाव दिले. पहिल्या शब्दात ग्रीक भाषेतील जबडा व मुख या अर्थांची पदे आहेत. दुसरा लॅटिन असून त्याचा अर्थ ‘कंटकधारी’ असा होतो. या कृमीच्या डोक्याशी एक फुगीर कंद असून त्यावर आकड्यांच्या ओळी असतात व शरीराच्या पुढील भागावर काटे असतात. ज्याने केवळ नाव वाचले त्याच्याही डोळ्यांपुढे कृमीचे काही रूप उभे राहावे, असे हे नाव आहे. ओवेन हे नावे घडविण्यात कुशल होते. पुढे १८४२ मध्ये ‘डायनोसॉर’ या संज्ञेचा पायाही त्यांनीच घातला.

व्हिएन्ना येथील डीझिंग यांनी याच गटातील कृमींस ‘कीराकॅन्थस’ हे दुसरे नाव दिले. आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य, या नियमाने ओवेन यांचे नाव टिकावयास हवे होते व अखेर ते टिकलेही. परंतु मधल्या काळात दोन्ही नावे चालू राहिली. १८८९ साली लेविन्सेन यांनी सयाममधील एका स्त्रीच्या शरीरातून निघालेल्या कृमीचे वर्णन केले. हा कृमी बँकॉक येथे मिळाला होता. त्यांनी त्यास नाव दिले ‘कीराकॅन्थस सायमेन्सिस’, म्हणजे सयामचा कृमी. वाघाच्या कृमीचे नाव एका प्रजातीत, माणसाच्या कृमीचे नाव दुसऱ्या प्रजातीत; एकाच्या नावात त्याचे काटे, दुसऱ्याच्या नावात त्याचा देश. ग्रंथाच्या सूचीत ही दोन नावे एकमेकांशेजारी येण्याचे काही कारण नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही नमुन्यांच्या रचनेची तुलना झाली, तेव्हा हा एकच कृमी असल्याचे मान्य झाले.

हे ऐक्य मान्य होण्याने काय साधले? ‘सयामचा कृमी’ या नावातून एवढेच सुचते की, तो सयाममध्ये असतो. परंतु माणसाच्या त्वचेखाली फिरणारा हा अपक्व कृमी आणि वाघाच्या जठरातील गाठीत राहणारा पूर्ण वाढलेला कृमी एकच आहेत, असे एकदा कळले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. मग विचारावे लागते : मार्जारकुल व मनुष्य या दोघांपर्यंत तो कोणत्या वाटेने पोहोचतो? कलकत्त्यात काम करणारे आसा चँडलर यांनी १९२५ मध्ये तेथील मांजरांच्या कृमींचा व मांजरांपासून माणसास होणाऱ्या कृमिबाधेचा एकत्र विचार केला. बँकॉक येथील प्रोम्मास व डाएंगस्वांग या संशोधकांनी १९३३ ते १९३७ या काळात प्रयोग करून ती वाट निश्चित केली. मांजराच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात. त्यांतून निघालेली अळी सायक्लॉप्स हा सूक्ष्म जलचर गिळतो. सायक्लॉप्सला मासा खातो. माशास मांजर खाते. मांजराच्या पोटात गेलेली अळी जठराची भिंत भेदून बाहेर पडते, यकृतात व स्नायूंत हिंडते आणि शेवटी जठराच्या भिंतीत परत येऊन गाठ करते. ओवेन यांनी पाहिलेली गाठ ही या दीर्घ प्रवासाची अखेर होती.

मनुष्याच्या शरीरात हा प्रवास पुरा होत नाही. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशातून आलेली अळी घर न सापडल्याप्रमाणे हिंडत राहते. त्वचेवर सूज येते, ओसरते व दुसऱ्या ठिकाणी पुन्हा येते; क्वचित अळी डोळ्यात किंवा मेंदूत शिरते, आणि मग प्रसंग गंभीर होतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत जपानमध्ये मरळ जातीचे मासे कच्चे खाण्यात आल्यामुळे या रोगाचे पुष्कळ रुग्ण आढळले.

सायक्लॉप्स हे नाव महाराष्ट्रातील वाचकांस अपरिचित नाही. नारूचा प्रसार याच जलचरामार्फत होत असे व पिण्याचे पाणी गाळून घेण्याचा उपदेश त्यासाठीच केला जाई. नारूची अळी सायक्लॉप्समध्ये वाढते हे १८७० च्या सुमारास तुर्कस्तानच्या प्रदेशात काम करणाऱ्या अलेक्सी फेडचेंको या रशियन संशोधकाने दाखविले. याच फेडचेंको यांनी १८७२ मध्ये डुकराच्या जठरातील नॅथोस्टोमाच्या एका निराळ्या जातीचे वर्णन केले. नॅथोस्टोमाचा पहिला आश्रयदाताही सायक्लॉप्सच असल्याचे कळण्यास मात्र आणखी साठ वर्षे लागली. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले.

४

दुसरा कृमी फुप्फुसातील आहे. १८७८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघाच्या फुप्फुसांत सापडलेल्या चपट्या कृमीचे वर्णन कर्बर्ट यांनी प्रसिद्ध केले. त्यांनी त्यास त्या संग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांचे नाव दिले. हा कृमी सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, कॉफीच्या बीसारखा फुगीर असतो व फुप्फुसातील कोषात बहुधा जोडीने राहतो. १८९९ मध्ये ब्राउन यांनी त्यासाठी ‘पॅरागोनिमस’ ही प्रजाती केली; जननेंद्रिये शेजारी-शेजारी असण्याचा त्या नावात निर्देश आहे. आज ‘पॅरागोनिमस वेस्टरमनी’ हे नाव घेताना आपण एका ग्रीक वर्णनाबरोबर एका डच गृहस्थाचे स्मरण करतो. ज्या वनात तो वाघ जन्मला व ज्या ओढ्यावर त्यास ही बाधा झाली, त्यांचा मात्र त्या नावात मागमूस नाही.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. कर्बर्ट यांच्यापूर्वी, १८५९ मध्ये, कॉबोल्ड यांनी एका भारतीय मुंगसाच्या फुप्फुसातील अशाच कृमीचे वर्णन केले होते व तोही पुढे याच प्रजातीत गणला गेला. त्या प्राण्याचे इंग्रजीतील आजचे नाव मूळचे आपलेच. ‘मुंगूस’ या मराठी शब्दापासून ते घेतले गेले. प्राण्याचे नाव दक्षिणेतून गेले, प्राणी जहाजातून गेला आणि त्याच्या कृमीचे नाव मात्र लॅटिनमध्ये ठरले. एकोणिसाव्या शतकातील ज्ञानव्यवहार कोणत्या दिशेने चालत होता, हे यावरून सहज ध्यानी येते.

कर्बर्ट यांच्या लेखानंतर वर्षभरातच हा कृमी माणसात सापडला. फोर्मोसा बेटावरील तामसुई येथे एक पोर्तुगीज गृहस्थ महाधमनीवरील फुगा फुटून १८७९ मध्ये मरण पावला. डॉक्टर रिंगर यांनी शवविच्छेदन केले असता त्याच्या फुप्फुसात एक कृमी मिळाला. लंडनचा वाघ व तामसुईचा मनुष्य या दोघांच्याही मृत्यूस कृमी कारण झाला नव्हता. धमनी फुटली म्हणून देह उघडला गेला व कृमी दृष्टीस पडला. या रुग्णास पूर्वी अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी तपासले होते. मॅन्सन यांनी पुढे एका चिनी रुग्णाच्या रक्तमिश्रित थुंकीत अंडी पाहिली व ती रिंगर यांना सापडलेल्या कृमीचीच असावीत, असे अनुमान केले. ती अंडी पाण्यात ठेवून त्यांतून निघणारी अळीही त्यांनी पाहिली. नमुना कॉबोल्ड यांच्याकडे गेला व १८८० मध्ये त्यास ‘रिंगरी’ हे नाव मिळाले. त्याच सुमारास जपानमध्ये बेल्त्स यांनी रुग्णांच्या थुंकीत तीच अंडी पाहिली व प्रथम त्यांस एकपेशीय जीव समजून निराळे नाव दिले. पुढे चूक ध्यानी आल्यावर फुप्फुसावरून तिसरे नाव केले.

अशा रीतीने पाच वर्षांच्या आत एकाच प्राण्यास संचालकाचे, डॉक्टराचे व अवयवाचे अशी तीन नावे प्राप्त झाली. प्रत्येक नावात नाव देणाराची दृष्टी दिसते. संग्रहालयातील शास्त्रज्ञास आपल्या संस्थेच्या प्रमुखाचा गौरव करावयाचा होता. लंडनच्या कृमितज्ज्ञास दूरच्या बंदरातील सहकाऱ्याचे ऋण फेडावयाचे होते. रुग्णालयातील वैद्यास रोगाचे स्थान महत्त्वाचे वाटत होते. यांपैकी कोणतीही दृष्टी अयोग्य नव्हती. परंतु तीन नावांमुळे तीन प्राणी असल्याचा भास उत्पन्न झाला व ते एकच असल्याचे सिद्ध करण्यात वेळ गेला.

माणसास बाधा कशी होते, हे १९१४ नंतरच्या काही वर्षांत फोर्मोसात काम करणाऱ्या नाकागावा यांनी उलगडले. गोड्या पाण्यातील खेकड्यांत या कृमीची अवस्था असते. ती कुत्र्यास चारली असता फुप्फुसांत कृमी वाढतात. अंडी, गोगलगाय, खेकडा व सस्तन प्राणी असा हा क्रम आहे. तरीही एक शंका उरलीच होती. कच्चा खेकडा खाणाऱ्या माणसाचे ठीक. पण वाघाचे मुख्य भक्ष्य खेकडा नव्हे. मग त्याच्या फुप्फुसात एवढे कृमी येतात कोठून? याचे समाधानकारक उत्तर १९७६ मध्ये जपानमधील मियाझाकी व हाबे यांच्या कामातून मिळाले. रानडुकराने खेकडा खाल्ला असता अपक्व कृमी त्याच्या स्नायूंत तसेच राहू शकतात आणि ते मांस कच्चे खाणाऱ्याच्या शरीरात पुढे वाढतात. त्या देशात रानडुकराचे कच्चे मांस खाणाऱ्या माणसांस रोग झाल्याचे आढळून आले होते. वाघ रानडुकराची शिकार करतो, हे सर्वश्रुत आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या वाघाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे अठ्ठ्याण्णव वर्षांनी आणि माणसाच्या रोगावरून मिळाले.

५

एका वस्तूस अनेक नावे असणे हा एक दोष झाला. याच्या उलट, अनेक वस्तूंस एकच नाव असणे हाही तितकाच घातक दोष आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच देशात घडले.

१९८० नंतरच्या दशकात मणिपूरमध्ये फुप्फुसातील या कृमीचे मानवी रुग्ण ओळखले जाऊ लागले. पुढे नागालँड व अरुणाचल प्रदेशातही ते आढळले. या भागांतील डोंगराळ वस्त्यांत ओढ्यातील खेकडे कच्चे किंवा अर्धवट भाजून खाण्याची रीत आहे. रोग्यास दीर्घकाळ खोकला येतो, थुंकीतून रक्त पडते, छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग दिसतात. ही सारी लक्षणे क्षयाची म्हणून आपल्या परिचयाची आहेत. त्यामुळे कित्येक रुग्णांस क्षयाची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागली व गुण आला नाही. वस्तुतः थुंकीतील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता निदान होऊ शकते व प्राझिक्वांटेल हे औषध थोड्या दिवसांत गुण देते. परंतु क्षयाच्या जंतूंसाठी थुंकी रंगवून पाहण्याच्या पद्धतीत ही अंडी टिकत नाहीत. जे नाव मनात असते त्याच्याच शोधाची पद्धत हाती घेतली जाते, आणि त्या पद्धतीस दुसरे काही दिसत नाही.

कृमी ओळखला गेल्यावरही नावाचा प्रश्न संपला नाही. आशियातील फुप्फुसकृमी म्हणजे वाघाचा वेस्टरमनी, असे समीकरण रूढ झालेले असल्यामुळे मणिपूरचा कृमीही तोच असावा असे मानणे सोपे होते. २००७ मध्ये जनुकीय परीक्षणावरून सिद्ध झाले की, तेथील रुग्णांतील कृमी ‘हेटेरोट्रेमस’ या जातीचा आहे. या जातीचे वर्णन चीनमध्ये १९६४ साली झालेले होते. स्वतः वेस्टरमनी हीदेखील एकजिनसी जाती नसून अनेक निकटवर्ती जातींचा समूह असावा, असे आजच्या अभ्यासकांचे मत आहे. शंभर वर्षांपूर्वी तीन नावांचे एक करण्यात शास्त्राची प्रगती होती. आज एका नावाची अनेक करण्यात ती आहे. नावे कमी करणे किंवा वाढविणे यांपैकी कोणतेही धोरण स्वतः शास्त्रीय नव्हे. नमुना पुन्हा पाहणे एवढेच शास्त्रीय.

६

शेवटी आपल्या परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ज्याच्या शरीरात कृमी राहतो त्या प्राण्यास मराठी ग्रंथांत कधी ‘यजमान’, कधी ‘पोशिंदा’, कधी ‘आश्रयदाता’ म्हणतात. ‘यजमान’ म्हणजे मुळात यज्ञ करविणारा. मराठीत तो घरधनी व पती झाला व पाहुण्याचे आगतस्वागत करणारा म्हणून या अर्थाने घेतला गेला. यात स्वेच्छेने केलेल्या आदरातिथ्याची छटा आहे, आणि ती येथे अस्थानी आहे. ‘पोशिंदा’ या शब्दात पोषणाचा अर्थ नेमका आहे. परंतु शेतकऱ्यास जगाचा पोशिंदा म्हणणाऱ्या भाषेत तोही गौरवाचा शब्द होय. ‘आश्रयदाता’ त्यातल्या त्यात तटस्थ आहे व म्हणून वर तोच वापरला आहे. इकडे ‘परजीवी’ या शब्दामागील ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘दुसऱ्याच्या पंक्तीस बसून जेवणारा’ असा असून प्राचीन काळी तो देवस्थानाच्या मानकऱ्यांसही लावीत. पुढे नाटकांतून तो फुकट्या खुशमस्कऱ्याचा वाचक झाला. शब्द मानाच्या पानावरून खाली कसा घसरतो, हे यात दिसते.

याहूनही अधिक विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे ‘अंतिम आश्रयदाता’ व ‘आनुषंगिक आश्रयदाता’ हा भेद. नॅथोस्टोमाच्या बाबतीत वाघ किंवा मांजर हे अंतिम, मनुष्य आनुषंगिक. कृमीच्या जीवनक्रमाच्या दृष्टीने हा भेद बरोबर आहे, कारण माणसात त्याची वाढ पुरी होत नाही. परंतु ‘आनुषंगिक’ म्हणजे ‘गौण’ अशी समजूत वाचणाराच्या मनात नकळत उत्पन्न होते, आणि डोळ्यात अळी शिरलेल्या रुग्णाच्या दृष्टीने त्यात गौण असे काहीच नसते. उलट बाजूनेही हीच सावधगिरी हवी. माणसाच्या रोगाच्या ग्रंथांत वाघ, बिबळ्या, रानमांजर यांचा उल्लेख ‘रोगाचा साठा’ म्हणून येतो. वाघ हा साठा नव्हे. तोही त्या ओढ्याचे पाणी पिणारा व त्या रानातील डुक्कर खाणारा एक प्राणीच आहे.

आज वन्य मार्जारांच्या कृमींचा अभ्यास बहुधा त्यांच्या विष्ठेवरून होतो. प्राण्यास न पकडता व न मारता माहिती मिळते, ही मोठीच सुधारणा होय. मात्र या रीतीतही एक अडचण आहे. वाघाने खाल्लेल्या सावजाच्या आतड्यातील कृमींची अंडी वाघाच्या विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडू शकतात. ती वाघाच्या कृमींची समजली तर यादी वाढेल व ज्ञान घटेल. ओवेन व कर्बर्ट यांच्यापुढे देह होता, पण रान नव्हते. आजच्या संशोधकापुढे रान आहे, पण देह नाही. दोन्ही पुराव्यांचा मेळ घालावयाचा तर जुने नमुने, जुनी वर्णने व जुनी नावे यांचा उपयोग कायम राहणार.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या प्रकरणावरून एक सूचना करावीशी वाटते. कोणतीही संज्ञा वापरण्यापूर्वी ती कोणी, केव्हा, कोणत्या नमुन्यावरून दिली हे पाहावे. लंडनच्या वाघाच्या जठरातील गाठ आणि बँकॉकच्या स्त्रीच्या शरीरातील कृमी यांच्या दरम्यान त्रेपन्न वर्षांचे अंतर होते. दोन नावांमुळे ते आणखी वाढले. मणिपूरच्या डोंगरातील खोकणाऱ्या माणसास क्षयाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, त्यालाही एक चुकीचे नावच कारण होते. शब्दाची व्युत्पत्ती शोधणे हा आमचा व्यवसाय. परंतु या ठिकाणी ती शोधण्याची गरज आमच्यापेक्षा त्या रुग्णास अधिक होती.